अन्नपुरवठ्याची साखळी आणि वऱ्हाडची तूर

मुंबईच्या एखाद्या गृहस्थाच्या ताटांत जें वरण पडतें, त्यांतील डाळ अकोटाकडील रानांतून निघून त्याच्या घरीं पोहोंचेपर्यंत किती हातांतून जाते, याचा हिशेब सहसा कोणी मांडीत नाहीं. बियाणें, खत, पावसाचें पाणी, निंदणाचे मजूर, खळें, बारदान, गाडी, बाजार समितीचा ओटा, अडत्या, गोदाम, डाळगिरणी, मालमोटार, घाऊक व्यापारी आणि शेवटीं दुकानदार. या सर्व कड्या एकींत एक अडकल्या म्हणजे जी साखळी होते तीस पुरवठ्याची साखळी म्हणतात. यांपैकीं एक कडी तुटली कीं बाकीच्या कितीही मजबूत असोत, ताटांत डाळ येत नाहीं आणि खळ्यावरील तुरीस मोलही येत नाहीं.

राष्ट्राची ही साखळी सुरक्षित कशी करावी, हा विषय २०२० च्या साथीपासून राज्यकर्त्यांच्या व अर्थशास्त्रज्ञांच्या तोंडीं वारंवार येत आहे. त्याची चर्चा बहुधा बंदरें, जहाजें आणि परराष्ट्रांशीं होणारे करार यांच्या भाषेंत होते. तींत शेतकऱ्याचें नांव शेवटीं येतें. वस्तुतः ही साखळी ज्या खुंटीस बांधलेली आहे ती खुंटी म्हणजे पीक परवडतें कीं नाहीं हा शेतकऱ्याचा हिशेब होय. खुंटी उपटली गेली तर पुढील साखळी कितीही जाड असली तरी तिचा उपयोग काय? हें म्हणणें कोणास अभिमानाचें वाटेल. परंतु वऱ्हाडच्या दीडशेंहून अधिक वर्षांच्या अनुभवावरून तें दाखवितां येतें, म्हणून प्रथम थोडें मागें जाऊं.

१८६१ च्या पूर्वीं विलायतेंतील लँकेशायर प्रांताच्या कापडगिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकीं तीन-चतुर्थांशाहून अधिक कापूस एकट्या अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून येई. तो लांब धाग्याचा होता, स्वस्त होता आणि दरसाल बिनबोभाट येत होता. म्हणून दुसरीकडे पाहण्याची निकड गिरणीवाल्यांस वाटली नाहीं. १८६१ च्या एप्रिलांत अमेरिकेंत यादवी युद्ध सुरू झालें, उत्तरेच्या आरमारानें दक्षिणेचीं बंदरें कोंडलीं, आणि पुढील वर्षीं लँकेशायरांत गिरण्या बंद पडून मजुरांचीं कुटुंबें धर्मादायाच्या अन्नावर आलीं. तेव्हां विलायतेची दृष्टि हिंदुस्थानाकडे वळली. वऱ्हाड १८५३ च्या तहान्वयें निजामाकडून कंपनीच्या ताब्यांत आलेलेंच होतें. येथील काळ्या जमिनीस एकाएकीं सोन्याचें मोल आलें. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून १८६७ मध्यें नागपुरास पोहोंचली. खामगांवच्या कापूसबाजारासाठीं जलंबहून खास फांटा घालण्यांत आला व १८७० मध्यें गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांच्या हस्तें तो सुरू झाला. बडनेऱ्याहून अमरावतीसही असाच फांटा आला.

परंतु ही भरभराट ज्या कारणानें आली तें कारण वऱ्हाडचें नव्हतें. १८६५ मध्यें अमेरिकेंतील युद्ध संपतांच भाव कोसळले. मुंबईंत शेअरांच्या सट्ट्यांत गुंतलेल्या पेढ्या बुडाल्या, ही गोष्ट इतिहासाच्या पुस्तकांत सांपडते. चढ्या भावाच्या भरंवशावर ज्यानें सावकाराचा कागद लिहून दिला त्या कुणब्याची गोष्ट मात्र तितकी लिहिली गेली नाहीं. लँकेशायरनें आपली तुटलेली कडी वऱ्हाडाकडून सांधून घेतली आणि जुनी कडी पुन्हां जुळूं लागतांच नवीकडे पाठ फिरविली. त्यांत त्यांचा दोष काय काढावा? व्यापार तसाच चालतो. आपण त्यापासून काय घ्यावें एवढाच प्रश्न आहे.

याच प्रकरणाचा दुसरा भाग अधिक दुःखाचा आहे. भाव उतरले तरी कापसाखालील क्षेत्र कमी न होतां पुढें वाढतच गेलें, कारण सारा व सावकार दोघेही रोख पैसा मागत. त्या मानानें ज्वारी मागें पडली. पूर्वीं गांवोगांवीं ज्वारीचीं पेवें भरलेलीं असत. एक वर्ष पाऊस गेला तरी पेव उघडून वर्ष काढतां येई. पेवांतली ज्वारी हीच त्या काळची सुरक्षित साठवण होती, आणि ती कोणा सरकारच्या नव्हे तर गांवाच्या हातीं होती. १८९९-१९०० च्या दुष्काळांत हें बळ कमी झालेलें होतें. ज्या आगगाडीनें कापूस बाहेर नेला तीच धान्य आंत आणूं शकत होती. पण पाऊस जाऊन कापूसही बुडाल्यावर तें धान्य घेण्यास पैसा कोठून आणावयाचा? वाट असूनही माणसें उपाशी मेलीं. साखळीच्या बळकटीचा विचार करतांना नुसत्या वाटा मोजून भागत नाहीं, हें वऱ्हाडाइतकें क्वचितच कोणी पाहिलें असेल.

१९४७ च्या फाळणीनें हाच धडा साऱ्या देशास दिला. तागाची बहुतेक जमीन पूर्व बंगालांत गेली आणि तागाच्या गिरण्या कलकत्त्याभोंवतीं राहिल्या. लांब धाग्याचा कापूस पिकविणारा सिंध व पश्चिम पंजाब पलीकडे गेला आणि कापडगिरण्या मुंबई-अहमदाबादेस राहिल्या. सप्टेंबर १९४९ मध्यें हिंदुस्थानानें रुपयाचें मोल कमी केलें, पाकिस्ताननें केलें नाहीं, आणि दोन्ही देशांतील व्यापार अडला. तागाचा संबंध आपल्याशीं काय, असें कोणी म्हणेल. पण पोत्यावांचून धान्य हलत नाहीं. हा पोत्याचा विषय पुढें पुन्हां येणार आहे, म्हणून येथें एवढाच उल्लेख पुरे.

आतां तुरीकडे वळूं. जगांत सर्वांत अधिक तूर पिकविणारा देश भारत, सर्वांत अधिक खाणाराही भारत, आणि परदेशांतून सर्वांत अधिक विकत घेणाराही भारतच. बाहेरची तूर मुख्यतः म्यानमार, मोझांबिक, मलावी व टांझानिया या देशांतून येते. गव्हाचें तसें नाहीं. गहूं अनेक देश पिकवितात व खातात, म्हणून एकीकडे तुटला तर दुसरीकडे मिळतो. तूर खाणारे देश थोडे, म्हणून बाजारांत ऐन वेळीं दुसरा विकणारा उभा नसतो. म्हणजे डाळीच्या बाबतींत आपण आज १८६१ च्या लँकेशायरच्या जागीं पुष्कळ अंशानें उभे आहों, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

याची प्रचीति गेल्या दहा-अकरा वर्षांत अनेकदां आली. लागोपाठ दोन वर्षें पाऊस कमी पडल्यामुळें २०१५-१६ मध्यें देशांत तुरीचें उत्पादन सुमारें २५ लाख टनांवर आलें, आणि २०१५ च्या दिवाळीपूर्वींच शहरांत तूरडाळ किलोस दोनशें रुपयांच्या घरांत गेली. सरकारनें व्यापाऱ्यांच्या साठ्यांवर मर्यादा घातल्या, आयात वाढविली, व जुलै २०१६ मध्यें मोझांबिकशीं करार करून दरसाल एक लाख टनांपासून दोन लाख टनांपर्यंत डाळ घेण्याचें ठरविलें. इकडे चढा भाव पाहून शेतकऱ्यांनीं तूर भरपूर पेरली, पाऊसही चांगला झाला, आणि २०१६-१७ मध्यें पीक ४८ लाख टनांच्या वर गेलें. एका वर्षांत जवळजवळ दुप्पट! आधारभूत किंमत बोनससह क्विंटलास ५,०५० रुपये असतां बाजारांतील भाव तिच्या बराच खालीं गेला. आयात तेव्हां खुलीच होती. आणि तुरीच्या निर्यातीवर २००६ पासून असलेली बंदी सप्टेंबर २०१७ मध्यें उठली, म्हणजे शेतकऱ्याचा माल विकून झाल्यावर. आयातीवर दोन लाख टनांची मर्यादा आली तीही ऑगस्ट २०१७ मध्यें.

त्या हंगामांत खरेदी केंद्रांवर गाड्यांच्या ज्या रांगा लागल्या त्या अकोला-अमरावतीच्या वाचकांस सांगावयास नकोत. अनेक ठिकाणीं माप अडलें तें पैशासाठीं नव्हे, बारदानासाठीं. तूर होती, घेणारा होता, भाव ठरलेला होता, पोतें नव्हतें. शंभर रुपयांच्या आंतबाहेरच्या वस्तूनें पांच हजारांचा क्विंटल अडविला. २०२० च्या टाळेबंदींत बंगालच्या तागगिरण्या बंद पडल्या तेव्हां उत्तरेंत गव्हाच्या खरेदीसही हीच अडचण आली व प्लास्टिकच्या पोत्यांस परवानगी द्यावी लागली. साखळीची कमकुवत कडी नेहमीं मोठी व दिसणारी असते असें नाहीं; पुष्कळदां ती इतकी क्षुल्लक असते कीं तुटेपर्यंत तिच्याकडे कोणाचें लक्षच जात नाहीं.

पुढें मे २०२१ पासून तुरीची आयात पुन्हां मुक्त झाली आणि त्या सवलतीची मुदत वेळोवेळीं वाढविण्यांत आली. मलावी व म्यानमार यांच्याशींही करार झाले. तरी २०२३ च्या अखेरीस मोझांबिकच्या नाकाला बंदरांत कोर्टकज्जे व परवान्यांच्या घोळामुळें भारताकडे निघालेली तूर आठवडेच्या आठवडे अडकून पडली, आणि इकडे भाव चढले. करार कागदावर होता, माल गोदामांत होता, जहाज मात्र हललें नाहीं. त्याच वर्षीं सप्टेंबरांत कॅनडाशीं आपला राजकीय बेबनाव झाला. मसुरीचा मोठा पुरवठा त्या देशाकडून होत असल्यानें व्यापारी धास्तावले. परंतु तोंवर ऑस्ट्रेलियाची मसूर मोठ्या प्रमाणावर येऊं लागलेली होती, म्हणून तेथें फारसें अडलें नाहीं. दोन प्रसंगांतील फरक वाचकांनीं पहावा: मसुरीस दुसरें दार होतें, तुरीस नव्हतें.

यावरून आयात सर्वस्वी बंद करावी असें आमचें म्हणणें नाहीं. ज्या वर्षीं पाऊस जाईल त्या वर्षीं गरीबाच्या पोरास डाळ मिळालीच पाहिजे, आणि शेतमजुरांची घरें खेड्यांतही डाळ विकतच घेतात हें आपण विसरूं नये. आमची तक्रार निराळी आहे. भाव चढले कीं दार तात्काळ उघडतें. भाव उतरले कीं तें लावण्यास महिने लागतात. शेतकरी जूनमध्यें पेरतो आणि जानेवारींत विकतो. मधल्या सहा-सात महिन्यांत नियम बदलला तर त्याला पेरलेलें उपटतां येत नाहीं. असा अनुभव दोनदां आला कीं तो तूर सोडून सोयाबीनाकडे अगर कापसाकडे वळतो, आणि मग पुढच्या कमी पावसाच्या वर्षीं देशास मोझांबिकच्या बंदराकडे डोळे लावून बसावें लागतें. आयातीचें धोरण निदान पेरणीपूर्वीं जाहीर व्हावें व तें हंगामभर टिकावें, एवढें झालें तरी खुंटी पुष्कळ घट्ट बसेल. १ ऑक्टोबर २०२५ रोजीं केंद्र सरकारनें कडधान्यांच्या स्वयंपूर्णतेसाठीं ११,४४० कोटि रुपयांची सहा वर्षांची योजना मंजूर केली असून २०३०-३१ पर्यंत उत्पादन ३५० लाख टनांवर नेण्याचा संकल्प आहे. तूर, उडीद व मसूर आधारभूत किंमतीनें खरेदी करण्याचें आश्वासनही तींत आहे. २०२५-२६ साठीं तुरीची ही किंमत ८,००० रुपये ठरलेली आहे. आश्वासन चांगलें आहे. तें माप होऊन पैसे हातीं पडेपर्यंत टिकतें कीं नाहीं, हें बारदान, गोदाम व मापारी यांवर अवलंबून राहील.

सरकारच्या हातचें सरकार करील. आपल्या हातीं ज्या कड्या आहेत त्यांचा विचार आतां करूं.

पहिली कडी बियाण्याची. कापसाच्या बाबतींत ती आपल्या हातून गेलेली आहे, कारण संकरित बियाणें दरसाल विकत घ्यावें लागतें. तुरीचें तसें नाहीं. तुरीचे सरळ वाण घरीं राखतां येतात. मात्र मधमाश्यांमुळें तुरींत परपरागण होतें, म्हणून दोन वाण शेजारीं असल्यास बांधाकडचें बीं राखूं नये. शेताच्या मधल्या भागांतील निरोगी झाडें फुलोऱ्याच्या वेळींच खूण करून ठेवावीं, आणि तीन वर्षांनीं विद्यापीठाचें शुद्ध बियाणें आणून पालट करावा. मर रोग ज्या जमिनींत आहे तेथें रोगास दाद न देणारा वाणच घ्यावा. बी.एस.एम.आर. ७३६ व आशा हे वाण मर आणि वांझ या दोन्ही रोगांस पुष्कळ अंशीं तोंड देतात, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा पी.के.व्ही. तारा हा वाण मध्यम मुदतीचा आहे. हलक्या जमिनींत व पाऊस लवकर सरणाऱ्या भागांत लवकर येणारा बी.डी.एन. ७११ बरा. साऱ्या गांवानें एकच वाण पेरणें हें लँकेशायरनें एकट्या अमेरिकेवर विसंबण्यासारखेंच आहे. मर रोगाचें बीज जमिनींत कित्येक वर्षें टिकतें. तुरीबरोबर अगर आलटूनपालटून ज्वारी घेतल्यास तो कमी होतो असें प्रयोगांत दिसून आलें आहे. ज्या ज्वारीस आपण शंभर वर्षांपूर्वीं मागें लोटलें ती अशा रीतीनें तुरीच्याही उपयोगी पडते.

खताची कडी फार लांबची आहे. पालाश सर्वच परदेशांतून येतो. स्फुरदाचा कच्चा दगड अगर तयार डीएपी बहुतांशीं बाहेरचेंच. युरिया देशांत होतो, पण त्यास लागणारा वायु पुष्कळसा आखाताकडून येतो. तूर आपल्या मुळांवरील गांठींत हवेंतील नत्र स्वतः धरते. हेक्टरीं २५ किलो नत्र व ५० किलो स्फुरद एवढीच तिची शिफारस आहे. पेरणीपूर्वीं बियाण्यास रायझोबियम व स्फुरद विरघळविणारें जीवाणूखत चोळल्यास थोडक्या पैशांत काम होतें. डीएपी मिळालें नाहीं म्हणून पेरणी थांबविणारे लोक दरसाल दिसतात. सिंगल सुपर फॉस्फेट व थोडा युरिया यांनीं तेंच काम भागतें, शिवाय गंधक मिळतें तें वेगळेंच. खारपाणपट्ट्यांत, म्हणजे पूर्णेच्या दोन्ही कांठांवर, जेथें विहिरीचें पाणी पिकास चालत नाहीं, तेथें खोल मुळांची तूर जमिनींतील ओलीवर उभी राहते. तेथील शेतकऱ्यास ही कडी अधिकच मोलाची आहे.

साठवणुकीची कडी आपण होऊन सैल सोडलेली आहे. तूर खळ्यावरून थेट बाजारांत जाते, कारण उसनवारी व मुलामुलींच्या शाळेची फी वाट पाहत नाहींत. जानेवारी-फेब्रुवारींत सगळ्यांची तूर एकदम येते व भाव पडतो. माल राखावयाचा तर भुंग्याची भीति. हा भुंगा बहुधा शेतांतच शेंगांवर अंडीं घालतो व दाण्याबरोबर घरांत येतो; म्हणून तूर कडक उन्हांत दोन-तीन दिवस चांगली वाळवून, ओल दहा टक्क्यांच्या आसपास आणून, मगच कणगींत अगर हवाबंद पिशवींत भरावी. दुसरा उपाय तूर भरडून डाळ करून ठेवण्याचा. भुंगा अंडीं घालतो तीं अखंड दाण्याच्या सालीवर. साल निघाली कीं त्याचा उपद्रव पुष्कळ कमी होतो. पूर्वीं घरोघरच्या बायका तूर काव लावून ठेवीत व जात्यावर भरडीत, त्यांत हा अनुभव होता. आतां विद्यापीठानें तयार केलेली पी.के.व्ही. मिनी डाळ मिल गांवच्या बचत गटास अगर शेतकरी उत्पादक कंपनीस चालवितां येते. अकोल्याच्या औद्योगिक वसाहतींतील मोठ्या गिरण्यांशीं तिची बरोबरी करावयाची नाहीं. पण एक कडी गांवांत राहिली तर चुनी व टरफलही गांवांतच गुरांच्या तोंडीं पडतें.

ज्यास पैशाची निकड आहे त्यानें माल विकण्यापूर्वीं शेतमाल तारण योजनेची चौकशी आपल्या बाजार समितींत करावी. ही योजना राज्य कृषि पणन मंडळ १९९०-९१ पासून चालवीत आहे. समितीच्या गोदामांत तूर ठेवली असतां किंमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठीं शेंकडा सहा व्याजानें मिळते. ही योजना इतकीं वर्षें असूनही पुष्कळ शेतकऱ्यांस तिचें नांव ठाऊक नाहीं, याचें आम्हांस नवल वाटतें. कांहीं समित्या ती मन लावून चालवितात, कांहीं चालवीत नाहींत. जेथें चालत नाहीं तेथें ती चालू करविणें हें तेथील निवडून दिलेल्या सभासदांचें काम आहे आणि त्यांस तें विचारणें मतदारांचें. बारदानाचीही तीच गोष्ट. हंगामाच्या आधीं ऑक्टोबर-नोव्हेंबरांत गांवच्या सोसायटीनें सभासदांची पोत्यांची गरज मोजून मागणी नोंदविली तर फेब्रुवारींत ओट्यावर उभें राहून पोत्याची वाट पहावी लागणार नाहीं.

शेवटीं एक व्यवहाराची सूचना. सरकारी खरेदीसाठीं आतां आधीं नांवनोंदणी करावी लागते. तुरीसाठीं ई-समृद्धि या नांवाची व्यवस्था जानेवारी २०२४ मध्यें सुरू झाली आहे. त्या नोंदणीस सातबाऱ्यावरील पिकाची नोंद लागते, आणि ती नोंद शेतकऱ्यानेंच ई-पीक पाहणींत करावयाची असते. आपल्याकडे तूर बहुधा कापसांत अगर सोयाबीनांत ओळींनीं पेरलेली असते, आणि नोंद करतांना मुख्य पीक लिहून आंतरपीक सोडून देण्याची चाल आहे. अशा शेतकऱ्याच्या घरांत पंधरा क्विंटल तूर असली तरी कागदावर एक दाणाही नसतो, व केंद्रावरून त्यास परत यावें लागतें. पाहणीची मुदत संपण्यापूर्वीं दोन्ही पिकांची नोंद, क्षेत्राच्या प्रमाणासह, करून घ्यावी. आणि ज्यांच्या घरीं तसा फोन नसेल त्यांची नोंद शेजाऱ्यानें आपल्या फोनवरून करून द्यावी.